तालुक्यापुरता मोबाइल

टेलिफोन खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून माझी पहिली नेमणूक आलापल्लीला झाली. तेव्हा चंद्रपूरच्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांना वाटलं, मी वनखात्यात लागले. उरलेल्यांना वाटलं, मला शिक्षा झाली. आई दोन्ही गटांत होती. डब्यात जवसाची चटणी भरता भरता तिनं विचारलं, "तिथे फोन तरी आहे का गं?" मी म्हटलं, "नाही, म्हणून तर मला पाठवतात." हे उत्तर मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं.

दोन हजार साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. निघण्याआधी नागपूरला आमचं प्रशिक्षण झालं आणि तिथे मला कळलं की बिनतारी फोनच्या जगात दोन पंथ आहेत. एक सीडीएमए, दुसरा जीएसएम. दोघांचं काम एकच, माणसाचा आवाज हवेतून पलीकडे पोचवायचा. पण एकाचा फोन दुसऱ्याच्या टॉवरखाली नेला तर तो निव्वळ खेळणं. सकाळच्या तासाला सीडीएमए शिकवणारे सर सांगायचे, आवाज आमचाच स्वच्छ, पल्ला आमचाच लांब. दुपारी जीएसएमचे सर सांगायचे, जग आमच्या बाजूला आहे; आमच्या फोनमधलं कार्ड काढा, दुसऱ्या फोनमध्ये घाला आणि हैदराबादला जा नाहीतर दुबईला, नंबर तोच; त्यांच्याकडे मात्र फोन बदलायचा तर खात्याच्या पाया पडा. दोन्ही सर चहाला वेगवेगळ्या टपऱ्यांवर जायचे.

खासगी कंपन्यांना या दोहोंतलं एक निवडावं लागत होतं, कारण चुकलं तर बुडायची भीती होती. आमच्या खात्याला बुडायची भीती नव्हती. त्यामुळे आम्ही दोन्ही घेतले.

शहरांसाठी आणि मोठ्या रस्त्यांवरच्या गावांसाठी जीएसएम, म्हणजे खरा मोबाइल. खेड्यांसाठी सीडीएमए. तो मात्र मोबाइल नव्हे. टेबलावर ठेवायचा, साध्या फोनसारखाच दिसणारा संच, फक्त तार नाही. छपरावर हातभर अँटेना. त्याच यंत्रणेवर चालणारा, मुठीत मावणारा फोनही होता, पण त्याला मोबाइल म्हणायची सोय नव्हती. मोबाइलचा परवाना निराळा आणि त्यावरून कंपन्यांची भांडणं वरच्या कोर्टापर्यंत गेलेली. म्हणून तडजोडीचा नियम निघाला, की हा फोन आपल्या तालुक्याची हद्द ओलांडणार नाही. कागदोपत्री याला 'मर्यादित फिरती' म्हणत. यंत्राला फिरता येत होतं. त्यानं फिरू नये यासाठी आम्ही वेगळी तांत्रिक व्यवस्था केली होती. तसा एक काळा फोन मला कामासाठी मिळाला होता. तो पर्समध्ये घेऊन मी एसटीनं चंद्रपूरला निघाले की नदीच्या अलीकडे तो गप्प व्हायचा.

आलापल्लीच्या एक्स्चेंजमध्ये मी, एक ऑपरेटर आणि एक लाइनमन. लाइनमनला सगळे भाऊ म्हणत. पन्नाशी पार केलेला, सडसडीत, भामरागडच्या वाटेवरच्या एका गोंड खेड्यातला माणूस. गोंडी त्याची घरची, झाडीबोली बाजारची, आणि तेलुगू भांडण्यापुरती. सागाच्या जंगलातून टाकलेल्या फोनच्या तारा वादळात तुटायच्या, अस्वलं खांबाला पाठ घासायची, कुणी तांबं म्हणून तारच कापून न्यायचं. हे सगळं जोडत फिरण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती. नव्या संचांची खोकी उघडून मी त्याला समजावलं, की आता तार नाही, खांब नाही. त्यानं अँटेना उलटसुलट करून पाहिला.

"तार नाई, खांबा नाई," तो म्हणाला. "मंग मी लाइनमन कायचा, बाई?"

मी पहिल्या अर्जांची यादी त्याच्यापुढे केली.

पहिल्या अर्जांत एक अर्ज तलावाच्या गावाहून आला होता. आलापल्लीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, डांबरी रस्ता सोडून आत, एका टेकाडाच्या मागे ते गाव. ढिवरांची वस्ती, थोडी शेती, बाकी सगळं तलावावर. अर्ज मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षबाईचा होता. तिचा नवरा आधी अध्यक्ष होता. तो गेल्यावर सभासदांनी तिलाच बसवलं, कारण व्यापाऱ्याशी भांडून जिंकणारी गावात ती एकटीच होती. उंच, काळीसावळी बाई, बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून मागे पाहायची, तिकडून जीप येत असल्यासारखी.

जीपचंच दुखणं होतं. पहाटे जाळं ओढायचं, मासळी टोपल्यांत भरून रस्त्यावर आणायची आणि आलापल्लीच्या जीपची वाट पाहायची. जीप आली तर ठीक. बिघडली, लग्नाला गेली, ड्रायव्हर उठला नाही, तर इथे कळायची काही सोय नाही. उन्हाळ्यात दहा वाजता मासळी मऊ पडायची, बारा वाजता फेकायची.

"मले दुसरं काई नाई पाह्यजे," ती म्हणाली. "जाळं टाकाच्या आधी इचाराचं, येऊन राह्यला का नाई. नाई येत म्हनला तं मासोळी पान्यातच बरी."

इतकी स्वच्छ मागणी त्यानंतरच्या माझ्या सगळ्या नोकरीत मी ऐकली नाही.

तिच्या घरी संच लावायला गेलो आणि अडलो. टेकाड आडवं येत होतं. भाऊनं अँटेना कौलांवर धरला, चिंचेवर चढून धरला, शेवटी बांबूला बांधून गावभर फिरला. मी खाली संच काखेत धरून त्याच्या मागे, आणि आमच्या मागे गाव. कुठेच काही नाही. फिरत फिरत आम्ही तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर चढलो. तिथून टेकाडाची कड संपते आणि आलापल्लीची दिशा उघडी होते. भाऊनं बांबू उभा केला आणि संचावरच्या रेषा भराभर पूर्ण झाल्या. मी आईला फोन लावला. ती म्हणाली, "कुठून बोलतेस? शेजारच्या खोलीतून?"

पाळीवर सोसायटीची जाळी ठेवायची एक कुडाची झोपडी होती. संच तिथेच बसवावा, हे कुणाही शहाण्या माणसाला कळलं असतं. पण नियम असा होता, की संच अर्जदाराच्या राहत्या घरी बसवावा. 'मर्यादित फिरती'तही घरचा संच घरातच. मी खूप विचार केला. अध्यक्षबाईनं अजिबात केला नाही. ती ग्रामसेवकाकडे गेली आणि तासाभरात दाखला घेऊन आली, की पाळीवरची झोपडी हे तिचं राहतं घर असून त्याला घर क्रमांक दिलेला आहे. सहीची शाई ओली होती.

विजेचा प्रश्न भाऊनं सोडवला. गावच्या शाळेत आधीच्या एका योजनेतला रेडिओवर चालणारा सार्वजनिक फोन होता. तो बसवल्यापासून वर्षभरात मेला होता, पण त्याची सौर पाटी छपरावर शाबूत होती. भाऊनं ती उतरवली, झोपडीवर चढवली, बॅटरी जोडली. मेलेली योजना जिवंत योजनेला वीज पुरवू लागली. हे मी कुठल्या रकान्यात लिहावं ते मला कळलं नाही, म्हणून लिहिलं नाही.

तो फोन चालला. फोन वाजला की आवाज पाण्यावरून लांब जायचा, डोंग्यातली माणसं तिथूनच ओरडायची, "उचला नं कोनीतरी!" जीपवाल्याला पहाटे उठवायचं काम आता अध्यक्षबाई करायची आणि तो बिचारा उठायचा. नर्सबाई कधी येणार, राशन आलं का, पोरगी सासरी पोचली का, सगळं पाळीवरून विचारलं जाऊ लागलं. मी महिन्यातून एकदा बॅटरी पाहायला म्हणून जायची. खरं तर मी झिंग्यांचा रस्सा जेवायला जायची. सरकारी नोकरीत आपण केलेलं काम डोळ्यांसमोर चालताना दिसणं दुर्मीळ असतं, आणि मी तेवीस-चोवीस वर्षांची होते.

एकदा चंद्रपूरचे साहेब तपासणीला आले. आमच्या विभागाचे मोठे अभियंते. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेले, अंगानं जाड, बोलायला मऊ. मी घाबरतच त्यांना पाळीवर नेलं. त्यांनी झोपडी पाहिली, लोंबणारी जाळी पाहिली, बांबू पाहिला.

"इथे कोणी राहतं?" त्यांनी विचारलं.

"कागदावर राहतं, सर."

"मग राहतं," ते म्हणाले आणि बूट काढून पाण्यात पाय सोडून बसले.

पुढच्या हिवाळ्यात खरा मोबाइल आलापल्लीला यायचं ठरलं. टॉवर एकच, आमच्याच आवारातला. त्यावर वर सीडीएमएचा अँटेना होता, थोडा खाली जीएसएमचा चढला. खालच्या खोलीत दोघांची कपाटं समोरासमोर लागली आणि खोलीत वातानुकूलन यंत्र एकच. ते नव्या पाहुण्याच्या बाजूला बसवलं गेलं. नागपूरच्या दोन्ही सरांची मला आठवण झाली.

त्याच सुमारास वरून एक पत्र आलं. दोन्ही यंत्रणा सांभाळणं जड जात होतं आणि प्रत्येक जिल्ह्यानं आपलं मत कळवायचं होतं, की पुढे विस्तार कशाचा करावा. साहेबांनी ते काम माझ्याकडे दिलं. मी मनापासून अहवाल लिहिला, अकरा पानांचा. जंगलातल्या विखुरलेल्या गावांना सीडीएमएचे घरगुती संच द्यावेत, कारण त्यांचा पल्ला लांब आहे. प्रामाणिकपणे हेही लिहिलं, की त्यात बांबूचा वाटा मोठा आहे. छपरावर उंच अँटेना लावता येतो म्हणून टेकाडापलीकडचं ऐकू येतं, हातातल्या मोबाइलला बांबू लावता येत नाही. रस्त्यावरच्या मोठ्या गावांत मोबाइल द्यावा. थोडक्यात, दोन्ही ठेवावेत, पण ज्याचं त्याच्या जागी.

चंद्रपूरला साहेबांनी तो अहवाल माझ्यासमोर वाचला. चष्मा काढला.

"मॅडम, तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. पण वर जायचा तक्ता असा आहे." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. दोन चौकोन होते, एकात बरोबरची खूण करायची होती. "दोन्ही ठेवा असा चौकोन नाही."

"पण सर, पोचतं कोणतं हे बघायला नको?"

"पोचण्यावरून कोणी ठरवत नाही. जगात फोन कोणाचे जास्त बनतात, स्वस्त कोणाचे मिळतात, बाकीच्या कंपन्या कुठं चालल्या, त्यावरून ठरते. सगळे ज्या गाडीत बसले ती गाडी चुकीच्या गावाला गेली तरी सोबत असते. एकटे बरोबर गावाला उतरलात तर चहा पाजायलाही कोणी नाही." मग म्हणाले, "तरी मी खूण करत नाही. उद्घाटन होऊन जाऊ द्या. मोबाइल चालतो कसा ते पाहू. तुमचा अहवाल ठेवतो इथं."

उद्घाटन माघात झालं. एक्स्चेंजसमोर मांडव, खुर्च्या, मंचावर हार आणि जिल्ह्यातले एक मोठे पुढारी. कार्यक्रम साधा होता. पाहुण्यांनी नव्या मोबाइलवरून चंद्रपूरला फोन करायचा, पलीकडून उत्तर यायचं, टाळ्या वाजायच्या. त्यासाठी खास चांदीच्या रंगाचा हँडसेट तबकात ठेवला होता, शेजारी नारळ.

भाषणं सुरू असताना मी मांडवामागे तो हँडसेट तपासला. रेषा पूर्ण होत्या. फोन मात्र लागत नव्हता. कार्ड नागपूरहून चालू करायचं राहून गेलं होतं. मी आत धावले, एक्स्चेंजच्या फोनवरून नागपूरला विचारलं. तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "हो मॅडम, होऊन राह्यलं." हे वाक्य आमच्याकडे भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांत वापरतात.

बाहेर आले तर भाषणं संपत आली होती. साहेब मंचाच्या पायरीशी उभे होते. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. त्यांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती आणि ते माझ्याकडे पाहत होते. काही मागत नव्हते. हे मी स्पष्ट सांगते, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला उलटं सांगत राहिले. त्यांनी काही मागितलं नाही. मीच पर्स उघडली, माझा काळा सीडीएमए फोन काढला, चांदीच्या हँडसेटच्या जागी तबकात ठेवला आणि तबक मंचावर पाठवलं.

पाहुण्यांनी तो उचलला, नंबर फिरवला, कानाला लावला. चंद्रपूरहून त्यांचे कार्यकर्ते बोलले. पाहुण्यांनी फोन माइकजवळ धरला आणि पलीकडचा आवाज मांडवभर घुमला, इतका लख्ख की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी मान वर केली. टाळ्या कडाडल्या. पाहुणे म्हणाले, "बघा, हे आहे नवं तंत्रज्ञान! आजवर जंगलाच्या नावाखाली आपल्याला थातूरमातूर दिलं. आता खरा मोबाइल आला!" आणि त्यांनी माझा फोन उंचावून दाखवला.

भाऊ मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाई, थो तं तुमचा फोन व्हय."

"गप्प राहा, भाऊ."

"मी गप्पच हाओ. पन आवाज आपल्यावाल्याचा होता नं."

मला हसू आलं. त्या दिवशी मला ती माझ्याच यंत्रणेला मिळालेली शाबासकी वाटली. कार्ड संध्याकाळी चालू झालं, गावात मोबाइल वाजू लागले, साहेबांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून "वाचवलंत" एवढंच म्हटलं, आणि मी आईला ही गोष्ट रंगवून सांगितली.

दोन आठवड्यांनी मी चंद्रपूरला गेले तेव्हा वर गेलेल्या पत्राची प्रत पाहिली. उद्घाटनाच्या प्रसंगी मान्यवरांनी व नागरिकांनी मोबाइल सेवेच्या आवाजाचा दर्जा प्रत्यक्ष अनुभवला असून तो उत्कृष्ट आहे, असं त्यात होतं. सोबत वर्तमानपत्राचं कात्रण जोडलं होतं. फोटोत पाहुण्यांच्या हातात माझा फोन दिसत होता. आणि तक्त्यातल्या जीएसएमच्या चौकोनात खूण झाली होती.

उन्हाळा संपता संपता आदेश आला. जिल्ह्यातली मोबाइल सेवा समाधानकारक असल्यानं सीडीएमएचा विस्तार थांबवावा, टप्प्याटप्प्यानं संच परत घ्यावेत आणि यंत्रणा दुसऱ्या एका जिल्ह्याला द्यावी. तो जिल्हा सपाट होता. तिथे ना टेकाड होतं ना साग, आणि मोबाइल तर आधीपासूनच होता.

मी त्या रात्री जेवले नाही. सकाळी पत्र लिहिलं, की उद्घाटनाचा फोन प्रत्यक्षात सीडीएमए यंत्रणेवरून झाला होता, तो फोन माझा होता, ही चूक माझी आहे आणि आदेशाचा फेरविचार व्हावा. एसटीनं चंद्रपूरला जाऊन साहेबांच्या हातात दिलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "हे वर पाठवलं तर काय होईल, सांगतो. पहिल्यांदा तुम्हाला मेमो. मग मला. मग पाहुण्यांना कळेल की ते जुन्या फोनवर बोलले आणि नव्याचं कौतुक केलं. आदेश तरी बदलणार नाही, कारण जीएसएमच्या यंत्रांची मागणी झालीये. सगळ्यांनी तीच गाडी पकडली."

"पण सर, पाळीवरचा फोन बंद पडेल."

त्यांनी पत्राची घडी घातली. "मीही पाय सोडून बसलो होतो तिथं," ते म्हणाले. "पाठवायचं असेल तर थेट पाठवा. मी अडवणार नाही. माझी सही मात्र होणार नाही."

मी पाठवलं नाही. मेमोची भीती वाटली, हे खरं कारण. नोकरी नवी होती, घरात मी पहिलीच कमावती होते, आणि मला माझ्या धाडसाबद्दल जे वाटत होतं ते चुकीचं निघालं.

धाडस जमलं नाही तेव्हा मी चलाखी केली. संच परत घ्यायच्या यादीत तलावाच्या गावापुढे मी लिहिलं, 'पावसामुळे रस्ता बंद, पोचता आलं नाही.' पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. हे खोटंही नव्हतं. तो रस्ता पावसाळ्यात खरोखर बंद असायचा. पाऊस संपल्यावर मी 'पूल खचला' असं लिहिलं. पूल दरवर्षी खचायचा. आमच्या भागाच्या वाईट रस्त्यांचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो त्या फोनला. भाऊ यादी पाहून म्हणायचा, "बाई, रस्ता सुधरवू नका म्हना त्याह्यले."

असा तो फोन आणखी आठेक महिने चालला. मग टॉवरखालचं सीडीएमएचं कपाटच उचलायला ट्रक आला. त्यापुढे रस्त्याचा काही उपयोग नव्हता.

संच आणायला मी आणि भाऊ गेलो. अध्यक्षबाईनं तो धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवला होता. झोपडीत खाली बसलो. तिनं चहा दिला नाही.

"चाल्लं होतं नं बरोबर?" ती म्हणाली. "मंग काऊन नेता?"

मी सांगितलं, आता मोबाइल आलाय, तो घ्या, सगळीकडे तोच राहणार आहे. ती उठली, फळीवरचा डबा उघडला आणि त्यातून एक नवा मोबाइल काढला. तिच्या जावयानं आणून दिला होता. तिनं तो माझ्या हातात दिला.

"घ्या. लावा बरं इथून."

मी पाळीच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत चालले. एकही रेष नाही. भाऊनं गंमत म्हणून नव्हे, खरोखरच विचारलं, "बांबूले बांधून पाहू काय?" कुणी हसलं नाही. मी फोन परत दिला.

"वरून ठरलं," मी म्हटलं.

"वरच्याह्यनं इथी येऊन पाह्यलं होतं काय?"

"साहेब आले होते."

"आले होते," ती म्हणाली. "मासोळीबी खाल्ली होती."

संच काखेत धरून मी उतरले. खात्याच्या जीपमध्ये बसेपर्यंत मागे पाहिलं नाही.

त्यानंतर सव्वा वर्ष तिथे कुठलाही फोन लागत नव्हता. जीपवाल्याची पुन्हा वाट पाहणं सुरू झालं. नंतर अध्यक्षबाईनं एका माणसाला सायकलवर पहाटे डांबरी रस्त्यापर्यंत पाठवायला सुरुवात केली. तिथे मोबाइलला रेंज मिळायची. तो तिथून विचारायचा आणि पायडल मारत निरोप घेऊन परत यायचा. हे मला भाऊकडून कळायचं. माझी बदली चंद्रपूरला झाली होती. तिथे माझ्या टेबलाशेजारी सीडीएमएच्या रिकाम्या खोक्यांचा ढीग होता. त्यावर लोक डबे ठेवत.

साहेब निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही, जेवण मात्र पोटभर केलं. माझ्याशी ते पुढेही चांगलेच वागले आणि त्या पत्राचा विषय आम्ही दोघांनी कधी काढला नाही.

मग एका खासगी कंपनीनं त्या टेकाडावरच टॉवर उभा केला. जीएसएमचाच. मला भाऊनं कळवलं. तोही तोवर निवृत्त झाला होता. मी रजा काढून गेले. आम्ही दोघं पाळीवर चढलो तेव्हा जाळं ओढायचं चाललं होतं आणि अध्यक्षबाई काठावर उभी राहून मोबाइलवर कुणाला तरी झापत होती. आवाज मध्येमध्ये तुटत होता, पण तिच्या वाट्याचं ती सगळं बोलत होती. आम्हाला पाहून तिनं फोन बंद केला.

"चंद्रपूरलेबी चालते हा," ती म्हणाली. "मागं पोरीकडं गेलते, तं तिथून इथलं जाळं इचारलं. तुमचावाला नदीपातूर बी नाई चालत होता."

ते खरं होतं. माझ्या अकरा पानांत ही बाजू मी तीन ओळींत उरकली होती. तिला गावाबाहेरही बोलायचं असेल, हे मला सुचलंच नव्हतं; गावाला फोन पोचवला की झालं, असं माझंही मत तालुक्यापुरतंच होतं.

तिनं बसायला पोतं टाकलं. मग मी तिला सगळं सांगितलं. तबक, काळा फोन, माइक, कात्रण, न पाठवलेलं पत्र. साहेबांनी मागितला नव्हता हेही सांगितलं. भाऊ पाण्याकडे तोंड करून बसला होता. त्याला यातलं अर्धं माहीत होतं, अर्धं नव्हतं.

ती ऐकत राहिली. रागावेल असं वाटलं होतं, किंवा हसेल. तिनं दोन्ही केलं नाही.

"म्हंजे तुमी तुमचाच फोन देऊन तुमचाच फोन बंद केला," ती हिशोब लावावा तशी म्हणाली.

"हो."

"आन् आमचाबी."

"हो."

"चिठ्ठी धाडाची होती, बाई."

मी मान हलवली. खालून कुणीतरी हाक मारली, जाळ्यात मोठी मरळ लागली होती आणि एकट्याला आवरत नव्हती. तिनं पदर खोचला आणि उतार उतरून पाण्यात गेली. थोड्या वेळानं तिनं पाण्यातूनच ओरडून सांगितलं, की जेवल्याशिवाय जायचं नाही. आम्ही थांबलो.